आईला उद्योजक म्हणायला जीभ का अडते?

आज पोरीच्या कॉलेजात उद्योजकतेवर कार्यक्रम होता, पालकांनाही बोलावलं होतं म्हणून हाफ डे टाकून गेलो. पाहुणे बाहेरून आलेले. भाषण चांगलं चाललं होतं, खोटं कशाला बोलू. मग मध्येच म्हणाले, सोलापुरात पोरं हुशार आहेत पण इथं उद्योजकतेचं कल्चरच नाही, लोक एकतर नोकरी करतात नाहीतर छोटामोठा धंदा, आणि छोटामोठा धंदा म्हणजे उद्योजकता नव्हे. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईंनीसुद्धा वाजवल्या, त्यांचं स्वतःचं पिकोफॉलचं दुकान आहे. तेव्हापासून डोकं फिरलंय, घरी येऊन धड जेवलो पण नाही.

माझ्या आईची गोष्ट जवळच्यांना माहीत आहे. बाबा कामाला होते ती गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होतो. देणी अडकली, बाबा दोन महिने नुसते ओट्यावर बसून असायचे. आईनं वाण्याकडून वीस किलो ज्वारी उधार आणली, आणि पहाटे चारला उठून कडक भाकऱ्या करायला बसली. पातळ थापायची, तव्यावरून काढून चुलीच्या धगीला उभी करायची, पापडासारखी वाजली पाहिजे. पहिल्या दिवशी पंचवीस केल्या, स्टँडजवळच्या एका दुकानदारानं ठेवून घेतल्या, विकल्या तर पैसे नाहीतर माल परत. नऊ गेल्या.

आता सांगा बरं, ही बाई कोण?

बी.कॉम.ला आमच्या सरांनी एक नाव शिकवलं होतं, रिचर्ड कॅन्टिलन. आयरिश माणूस, फ्रान्समध्ये बँकिंग करायचा, त्याचं लिखाण तो गेल्यावर 1755 मध्ये छापलं. अर्थशास्त्रात उद्योजक कोण हे पहिल्यांदा नीट सांगितलं ते त्यानं. ठरलेल्या भावानं घेतो आणि न ठरलेल्या भावानं विकतो, तो उद्योजक. बस. ऑफिस नाही, इन्व्हेस्टर नाही, स्टेजवरची खुर्ची नाही. त्याच्या यादीत शेतकरी होता, दुकानदार होता, घरोघर पाणी विकणारा होता, भिकारी आणि चोरसुद्धा त्यात घातले होते, कारण उद्या हातात काय पडणार हे त्यांनाही माहीत नसतं. पावणेतीनशे वर्षांपूर्वी पाणी विकणाऱ्याला जो मान मिळाला तो माझ्या आईला आजच्या भाषणात मिळत नाही. ज्वारीचा भाव वाण्यानं ठरवलेला, भाकरी किती जाणार ते कुणालाच माहीत नाही. मधली सगळी भीती तिची एकटीची.

आणि कल्चर नाही म्हणे! अरे वालचंद हिराचंद कुठले? 1882 साली याच सोलापुरात जन्मले. बार्शी लाइट रेल्वेच्या ठेकेदारीतून सुरुवात केली, पुढं 1919 मध्ये इंग्रज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून आपलं जहाज समुद्रात सोडलं, 1940 मध्ये बेंगळुरूला विमानाचा कारखाना काढला. गावात रेल्वे 1860 ला आली, 1877 ला पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिला आपण आजही जुनी मिल म्हणतो. आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, त्यांनी काय केलं ते शहराच्या पूर्व भागात जाऊन बघा. जॅकार्ड हे मूळचं फ्रान्समधलं तंत्र, 1804 च्या सुमाराचं, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी उठते, ते आमच्या लोकांनी घरातल्या मागावर चढवलं आणि त्यातून सोलापुरी चादर अख्ख्या देशात नेली. पुढं माग, मागं स्वयंपाकघर, बाई भाकरी थापता थापता सुताच्या कांड्या भरते. यात कल्चर दिसत नसेल तर डोळे तपासून घ्या.

हो, मान्य आहे, मोठं भांडवल आल्याशिवाय हजारो नोकऱ्या तयार होत नाहीत. आईच्या भाकरीनं एमआयडीसी उभी राहिली नसती. ठीक आहे.

पण त्याच पाहुण्यांनी शुम्पीटर या अर्थतज्ज्ञाचं नाव घेतलं, सर्जनशील विध्वंस वगैरे, जुनं मोडतं तेव्हाच नवं उभं राहतं. 1942 चा विचार आहे, चुकीचा म्हणत नाही. आमची गिरणी मोडलीच ना. पण त्या विध्वंसाचं बिल कुणी भरलं हे कोण सांगणार? शुम्पीटर असंही म्हणायचा की जोखीम उद्योजकाची नसतेच, पैसा पुरवणाऱ्याची असते. हे वाक्य मला तेव्हाही पटलं नाही आणि आज तर अजिबात नाही. कारण आई कर्जाला बँकेत गेली होती, पाच हजारासाठी, आणि टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, मिस्टरांचा पगाराचा दाखला आणलाय का? पगार बंद झाला म्हणून तर ती तिथं उभी होती! मी बरोबर होतो. ती "बरं साहेब" म्हणाली आणि माझा हात धरून बाहेर आली, रस्ताभर बोलली नाही. घरी आल्यावर उखळ काढलं आणि शेंगाची चटणी कुटायला बसली, तेल सुटेपर्यंत कुटत राहिली. भाकरीसोबत चटणीची पुडी ठेवायची हे तिला त्या रात्री सुचलं, आणि खरा धंदा त्यानंतर चालला. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटला जाणारी माणसं बांधून न्यायला लागली, कारण कडक भाकरी लवकर खराब होत नाही.

लिज्जतच्या सात बायकांनी 1959 मध्ये 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले, त्याचं आज सगळे कौतुक करतात. पहिल्या आठवड्यात त्यांनाही कुणीतरी छोटामोठा धंदाच म्हटलं असेल की.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. एक गोष्ट कबूल करतो. आईनं नंतर गल्लीतल्या तीन बायकांना हाताखाली घेतलं, त्यातल्या एक मावशी आधी विड्या वळायच्या. सुरवातीला आईनं त्यांना फार कमी मजुरी दिली. मोठा झाल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "तेव्हा माझ्याजवळच नव्हतं रे." ते खरं होतं, पण मावशींच्या घरी पण नव्हतंच. धंदा कुणीतरी पोटाला चिमटा काढूनच उभा राहतो आणि तो चिमटा प्रत्येक वेळी मालकाचाच असतो असं नाही. हे पण पोरांना सांगा ना स्टेजवरून. पिच डेक, म्हणजे इन्व्हेस्टरला दाखवायच्या स्लाइड्स, नंतर शिकवा.

पोरगी गाडीवर मागं बसून गप्प होती. घरी आल्यावर सरळ आजीकडं गेली आणि म्हणाली, आजी तुझा हिशेब दाखव. मला वाटलं आता कुठला हिशेब राहिलाय. आईनं ट्रंक उघडायला लावली, साड्यांच्या खालून जुन्या कॅलेंडरची पानं निघाली, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेलं. पहिल्या पानावर वर ज्वारी 20 किलो उधार. खाली केल्या 25, गेल्या 9, शिल्लक 16. पोरीनं विचारलं, त्या 16 चं काय केलं?

आई म्हणाली, "दुसऱ्या दिवशी परत नेल्या की."