सपाट पात्रांवर आलेले नाहक गंडांतर

‘सशक्त व्यक्तिरेखा ओळखण्याची सूत्रे’ अशा नावाचा एक संदेश सध्या आमच्याकडच्या नाट्यमंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. सपाट, म्हणजे एकाच गुणावर उभे असलेले, पात्र हे लेखकाचे अपयश, न बदलणारे पात्र निर्जीव, नायक सद्गुणीच हवा आणि विनोदी पात्र निव्वळ भरतीचे, असा त्याचा सारांश. एरवी दुर्लक्ष केले असते. परंतु फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या जत्रेसाठी ‘संगीत शारदा’ बसवणाऱ्या माझ्या भाच्याने त्याच आधारे भद्रेश्वर दीक्षिताची भूमिका निम्मी छाटली, तेव्हा उत्तर देणे भाग पडले.

सर्वांत घातक मुद्दा पहिलाच आहे. पात्रांची सपाट आणि गोलाकार (अनेक पैलूंची) ही विभागणी इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी केंब्रिजमधील व्याख्यानांत मांडली व 1927 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. संदेश लिहिणाऱ्याने नावे तेवढी उचलली, पुढचे पान उलटण्याची तसदी घेतली नाही. सपाट पात्र येताच ओळखू येते, त्याची ओळख पुन्हा करून द्यावी लागत नाही आणि ते लक्षात राहते, हे गुण फॉर्स्टर यांनीच सांगितले आहेत. डिकन्सची बहुतेक माणसे सपाट असूनही त्यांत खोली जाणवते, हेही त्यांचेच निरीक्षण. देवलांच्या 1899 च्या ‘शारदे’त कांचनभट म्हणजे द्रव्यलोभ आणि भद्रेश्वर म्हणजे लग्नाची दलाली. यांपैकी एकालाही मधेच सदसद्विवेकाची टोचणी लागली असती, तर म्हाताऱ्याशी लग्न लावले जाणाऱ्या शारदेची कोंडी तिथेच सुटली असती आणि नाटकही संपले असते. ‘म्हातारा इतुका न’ या पदाला खदखदून हसणारे प्रेक्षक शारदेचे ‘मूर्तिमंत भीती उभी’ सुरू होताच गप्प होतात, ते आधीच्या हसण्यामुळेच. हसवणाऱ्या भद्रेश्वराला कात्री लावली की हा परिणाम अर्धा होतो.

या पहिल्या मुद्द्यात अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. सपाट पात्र गंभीर किंवा शोकात्म भूमिकेत कंटाळवाणे होते, असे फॉर्स्टरही म्हणतात. पण म्हणून ते छाटावे, असे ते कुठेही म्हणत नाहीत.

बदलाचा मुद्दा तर चक्क चुकीचा आहे. गोलाकार पात्राची कसोटी बदल ही नसून, पटेल अशा रीतीने चकित करण्याची क्षमता ही आहे.

नायक सद्गुणीच हवा, हे सांगणाऱ्याने ‘नाट्यशास्त्र’ चाळावे. धीरोदात्त, धीरललित आणि धीरप्रशांत या नायकांच्या पंक्तीला तिथे धीरोद्धत, म्हणजे गर्विष्ठ व उद्धट नायकही बसलेला आहे.

राहिले विनोदी पात्र. दशावतार या कोकण-गोव्यातील लोकनाट्यातला संकासुर वेद पळवणारा असुर आहे आणि सूत्रधाराशी थट्टामस्करी करून प्रेक्षकांना हसवणाराही तोच आहे. त्याला भरतीचा म्हणणाऱ्याने पेडण्यातल्या एखाद्या जत्रेत, त्याच्या प्रवेशासाठी रात्री जागणाऱ्या म्हाताऱ्यांसमोर, हे विधान एकदा करून पाहावे.