खुलासा : पॅकिंगची टेप म्हणजे फ्रेमचं कवच नव्हे

बेळगाव-खानापूर भागातल्या सायकलवाल्यांत एक सल्ला फिरतोय : 'फ्रेमला खोकी बंद करायची पारदर्शक टेप चिकटवा, रंग ओरखड्यांपासून वाचवणाऱ्या महागड्या फिल्मचंच काम होतं.' हे खरं नाही. ती टेप पातळ असते, खडा बसला की फाटते. उन्हात पिवळी पडते, कडा सुटतात आणि जांबोटीकडच्या पावसात तांबड्या मातीचे बारीक कण नेमके त्या कडेखाली शिरतात. वरून ब्रेक-गिअरची केबल घासत राहिली की तेच कण पॉलिश पेपरसारखा रंग खातात. संरक्षक फिल्म बहुधा पॉलियुरेथेनची, जाड आणि लवचिक असते, म्हणून मार सोसते.

खर्च टाळायचाय ना? मग पंक्चरवाल्याकडून टाकाऊ ट्यूब मागून आणा. उभी चिरून, धुऊन चेनशेजारच्या मागच्या दांडीला घट्ट गुंडाळा, टोकं केबल टायने आवळा. हँडलजवळ केबल घासते तिथे पंक्चरचा छोटा पॅच पुरतो. पावसाळ्यात मात्र ट्यूब अधूनमधून सोडून खालचं पाणी पुसा. लोखंडी फ्रेम असेल तर हे चुकवूच नका.

टेप आधीच लावली असेल तर हळू सोला, उरलेला चिकटा खोबरेल तेल चोळून काढा. थिनर अजिबात नको, रंगही निघून येईल.