फॅन बेल्टच्या बिलावरून आलेल्या रिव्ह्यूला वागळे इस्टेटच्या गॅरेजमधून उत्तर

नमस्कार साहेब, रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, तो तुमचा हक्क आहे. पण तुम्ही लिहिलंय की नुसता फॅन बेल्ट बदलायला गाडी दिली होती, आम्ही टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा पार्ट) आणि आयडलर पुली (बेल्टला वाटेत आधार देणारी फिरती चकती) उगाच बिलात घुसवली, आणि घोडबंदरच्या दुसऱ्या मेकॅनिकने जुना बेल्ट बघून सांगितलं की याला एकही चीर नाही. यावर बोलायलाच पाहिजे.

चीर नव्हती, बरोबर आहे. पण आताचे बेल्ट ईपीडीएम रबराचे येतात, ते जुन्या बेल्टसारखे लवकर तडकत नाहीत, टायरच्या नक्षीसारखे झिजतात. आतल्या बाजूच्या खाचा रुंद होत जातात, मग बेल्ट पुलीला नीट पकडत नाही आणि घसरतो. वरून काळा कुळकुळीत, एकदम चांगला दिसतो. तुमचा बेल्ट नव्याशेजारी धरून बघा, फरक बोटालाच कळेल.

आता पुलीचं. तुमची तक्रार होती की सकाळी स्टार्ट केली की किंचाळते, पावसात जास्त, आणि एसी लावला की अजून. चालू इंजिनमध्ये पोराने लांबूनच बेल्टवर थोडं पाणी मारलं तर आवाज वाढला, म्हणजे घसरतोय, ताण कमी पडतोय. टेन्शनरचा हात आयडलिंगलाच थडथड नाचत होता, तो जागेवर जवळजवळ स्थिर पाहिजे. नंतर बेल्ट काढून आयडलर हाताने फिरवली तर आत वाळू असल्यासारखी खरखर, आणि धरून हलवली तर डुगडुगत पण होती, बेअरिंग गेलेलं. अशा पुलीवर नवीन बेल्ट चढवला असता तर तोही लवकरच गेला असता आणि तुम्ही परत इथेच एक स्टार दिला असता 😄

आणि आयडलर जाम झाली की बेल्ट जळतो नाहीतर उतरतो. मग बॅटरीचा लाल दिवा लागतो, एसी गार होत नाही, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर टेम्परेचर चढतं. गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये हे झालं तर काय, ते तुम्हाला सांगायला नको.

हे सगळं काम करायच्या आधी फोनवर सांगितलं होतं, व्हॉट्सअॅपवर खरखरीचा व्हिडिओ टाकला होता, त्यावर तुमचं "करा" आहे. काढलेले पार्ट पिशवीत घालून डिकीत ठेवलेत, फेकू नका, त्याच मेकॅनिकला ती आयडलर हातात घेऊन फिरवायला सांगा. काही लोक बेल्टवर स्प्रे मारून आवाज बंद करून देतात, स्वस्तात होतं, आम्ही करत नाही.

टायमिंग बेल्टवरून घाबरवलं असंही लिहिलंय. हा वेगळा बेल्ट, इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला-मिटायला लावणारा. तो कव्हरच्या आत असतो, बाहेरून दिसत नाही, म्हणून किलोमीटर आणि वर्षं बघूनच बदलतात. तुटला तर बऱ्याच इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडावं लागतं. आम्ही तो बदला असं म्हटलंच नव्हतं, आधी कधी बदललाय का एवढंच विचारलं होतं. जुनी बिलं सापडली तर फोटो पाठवा, मॅन्युअलशी ताडून सांगतो, त्याचे पैसे नाहीत.