वर्तुळाच्या मध्यावर गुन्हेगाराचं घर? नकाशा एवढं सांगत नाही

मालिका गुन्ह्यांबद्दलचा एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: एकाच गुन्हेगाराचे गुन्हे नकाशावर टिपा, सर्वांत लांबचे दोन बिंदू जोडा, ती रेषा व्यास धरून वर्तुळ काढा, मध्यबिंदूवर गुन्हेगार राहतो. ८७ टक्के वेळा हे बरोबर येतं, सॉफ्टवेअर तर थेट पत्ता देतं, यॉर्कशायर आणि लंडनचे गाजलेले गुन्हेगार असेच पकडले गेले. यातल्या जवळपास प्रत्येक विधानात खऱ्याचा एक तुकडा आहे, म्हणून ते पटतं. पण असं वर्तुळ काढून कुणी मध्यावरच्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या माणसाकडे बोट दाखवलं, तर त्या माणसाला उभ्या आयुष्यात ते पुसता येत नाही. म्हणून एकेक विधान तपासू.

"घर मध्यबिंदूवर असतं"

कागदावर करून बघा. पाच गुन्हे घ्या, आणि नकाशाच्या एका कोपऱ्यापासून पूर्वेकडे व उत्तरेकडे त्यांची किलोमीटरमधली अंतरं अशी धरा: (१,१), (२,३), (३,२), (२,१) आणि (१०,३). सर्वांत लांबचे दोन बिंदू म्हणजे (१,१) आणि (१०,३). त्यांच्यातलं अंतर ९.२ किमी, मध्यबिंदू (५.५, २). आता सगळ्या बिंदूंची सरासरी काढा: (३.६, २). मध्यक काढा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घ्या: (२, २). तिन्ही उत्तरं एकाच आडव्या रेषेवर येतात, पण पहिलं आणि शेवटचं यांच्यात साडेतीन किलोमीटर आहेत. शहरात एवढ्या अंतरात कितीतरी वस्त्या बसतात. शिवाय वर्तुळाच्या मध्याजवळ एकही गुन्हा नाही. सर्वांत जवळचा अडीच किलोमीटरवर आहे.

आता समजा, (१०,३) हा गुन्हा मुळात दुसऱ्याच माणसाचा होता. तो वगळला की वर्तुळाची त्रिज्या ४.६ किमीवरून १.१ किमीवर येते आणि क्षेत्रफळ ६७ चौरस किमीवरून ४ वर. वर्तुळ फक्त दोन टोकाच्या बिंदूंवर उभं असतं, मधल्या बिंदूंचा त्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. त्यामुळे नेमका ज्या बिंदूबद्दल संशय असायला हवा, तोच सगळा निकाल ठरवतो.

"८७ टक्के अचूक"

हा आकडा खरा आहे, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. डेव्हिड कँटर आणि पॉल लार्किन या संशोधकांनी १९९३ मध्ये ब्रिटनमधल्या ४५ मालिका बलात्काऱ्यांच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या ८७ टक्के गुन्हेगारांचा मुक्काम वर्तुळाच्या आत कुठेतरी होता. आत, मध्यावर नव्हे. वरच्या उदाहरणातल्या ६७ चौरस किमीत दर चौरस किमीला ५,००० माणसं धरली, तर आत ३ लाख ३५ हजार लोक राहतात.

शिवाय गुन्ह्याचा प्रकार बदलला की आकडाही बदलतो. ऑस्ट्रेलियातल्या नोंदींवर १९९७ मध्ये झालेल्या अभ्यासात वर्तुळाच्या आत राहणाऱ्यांचं प्रमाण जाळपोळ करणाऱ्यांत ८२ टक्के, बलात्काऱ्यांत ७१ टक्के, तर घरफोडी करणाऱ्यांत जेमतेम ४८ टक्के निघालं. काही गुन्हेगार आपल्या मुक्कामाभोवती हिंडतात, काही घरापासून दूरच्या एका भागात जाऊन गुन्हे करून परततात. दुसऱ्या प्रकारातला माणूस वर्तुळाच्या बाहेरच असतो. खरी अडचण ही की, मालिका चालू असताना नुसत्या बिंदूंकडे बघून हे दोन प्रकार खात्रीने वेगळे करता येत नाहीत.

"सॉफ्टवेअर थेट पत्ता देतं"

नाही देत. व्हँकुव्हर पोलिसांतले अधिकारी किम रॉस्मो यांनी १९९५ मध्ये डॉक्टरेटसाठी जी पद्धत मांडली, तिचा गाभा समजून घेतला की हे लगेच लक्षात येतं. सगळे गुन्हे सामावतील असा चौकोन घेऊन त्याचे हजारो बारीक चौरस पाडतात. प्रत्येक चौरसापासून प्रत्येक गुन्ह्याचं अंतर मोजतात, तेही सरळ रेषेत नाही, तर आडवं अधिक उभं, कारण माणूस रस्त्याने जातो. अंतर वाढेल तसे गुण घटतात. घट साधारण १.२ च्या घाताने धरली, तर १ किमीला १ गुण असताना २ किमीला ०.४४ आणि ४ किमीला ०.१९ उरतो. ओळख पटण्याच्या भीतीने माणूस अगदी दारात गुन्हा करायला कचरतो असं गृहीत असल्याने, गुन्ह्याच्या फार जवळच्या पट्ट्यात गुण पुन्हा कमी होतात. या पट्ट्याला बफर झोन म्हणतात, आणि तो प्रत्येक मालिकेत असतोच असं संशोधनात दिसलेलं नाही. प्रत्येक चौरसाच्या गुणांची बेरीज केली की डोंगरदऱ्यांसारखा एक पृष्ठभाग तयार होतो.

त्या पृष्ठभागाचा अर्थ एवढाच: शोध कुठून सुरू करायचा आणि कुठल्या क्रमाने पुढे न्यायचा. म्हणून पद्धतीचं यशही 'शिखर घरापासून किती मीटर चुकलं' यावर न मोजता, उंच चौरसांपासून शोधत गेल्यास घर सापडेपर्यंत किती टक्के क्षेत्र पालथं घालावं लागलं, यावर मोजतात. १०० चौरस किमीत हा आकडा ५ टक्के आला तर तो उत्तम निकाल; तरीही ते ५ चौरस किमी आहेत. एवढ्या जागेवर पोलीस घरोघर फिरत नाहीत. ते आधीच हाताशी असलेल्या याद्या या क्रमाने लावतात: खबरींतून आलेली नावं, जुने गुन्हेगार, वाहन नोंदणी, डीएनए नमुने कुणाचे आधी घ्यायचे ते.

ब्रिटनमधल्या ऑपरेशन लिंक्सच्या तपासात हे नेमकं दिसतं. बलात्कार वेगवेगळ्या शहरांत पसरलेले, त्यामुळे गुन्ह्यांच्या जागांवरून काही हाती लागेना. पण एका पीडितेच्या गाडीतून चोरलेल्या क्रेडिट कार्डावर झालेल्या खरेदीच्या जागा लीड्सच्या आसपास होत्या, आणि रोजची खरेदी माणूस मुक्कामाजवळच करतो. बोटाचा अर्धवट ठसा संगणकावर शोधता येण्याजोगा नव्हता, म्हणून प्रोफाइलने, म्हणजे अशा गुणांच्या नकाशाने, पुढे आणलेल्या भागातल्या ठाण्यांकडचे ठसे हाताने तपासले गेले. १९९८ मध्ये तो जुळला. ओळख ठशाने पटली. नकाशाने कुठली कपाटं आधी उघडायची ते सांगितलं.

महाग सॉफ्टवेअर हाताने केलेल्या अंदाजापेक्षा सरस असतं का, यावरही वाद आहे. २००४ च्या एका प्रयोगात सामान्य लोकांना एक-दोन साधे नियम शिकवल्यावर त्यांचे अंदाज संगणकाच्या बरोबरीला आले. त्यावर आक्षेप असा की, त्या नकाशांत प्रत्येकी तीनच गुन्हे होते आणि रॉस्मो किमान पाच मागतात. हा आक्षेप योग्य आहे, पण प्रयोगातून मिळालेला इशाराही तितकाच खरा आहे.

"जितके बिंदू जास्त, तितकं उत्तर नेमकं"

बिंदू स्वतंत्र आणि त्याच माणसाचे असतील, तरच. गुन्हे जोडणं हे नकाशाच्या आधीचं काम: डीएनए, ठसे, बोलण्याची पद्धत, गाठ बांधायची सवय. मोठा घोळ इथेच होतो. जोडलेला गुन्हा चुकीचा असेल तर काय होतं ते वर पाहिलंच. सुटलेला गुन्हाही तितकंच नुकसान करतो, विशेषतः सुरुवातीचा, कारण पहिले गुन्हे बरेचदा मुक्कामाजवळचे आणि बिनतयारीचे असतात. एकाच रात्री एकाच गल्लीत तीन घरं फोडली असतील तर ते तीन बिंदू नव्हेत. फेरी एकच होती, बिंदूही एकच. एकाच खुनाच्याही जागा अनेक असतात: गाठ पडली ती, खून झाला ती, मृतदेह टाकला ती. या एका ढिगात घालायच्या नसतात. शिवाय सावज विशिष्ट ठिकाणीच मिळत असेल, उदाहरणार्थ एकाच रस्त्यावर ग्राहकाची वाट बघणाऱ्या स्त्रिया, तर नकाशा त्या रस्त्याबद्दल सांगतो, गुन्हेगाराच्या घराबद्दल फारसं नाही.

"यॉर्कशायर आणि लंडनचे गुन्हेगार नकाशाने पकडले"

यॉर्कशायरमध्ये स्त्रियांवर हल्ले करणाऱ्या मालिका खुन्याच्या प्रकरणात जे घडलं ते या मजकुरातल्या दाव्यापेक्षा जास्त शिकवणारं आणि जास्त क्लेशदायक आहे. न्यायवैद्यक शास्त्रज्ञ स्टुअर्ट काइंड यांनी डिसेंबर १९८० मध्ये १७ हल्ल्यांच्या जागांचा गुरुत्वमध्य, म्हणजे वरच्यासारखी सरासरी, काढला आणि त्याच्या जोडीला वेळ बघितली. रात्री उशिरा घरी परतायचं असणारा माणूस जितका उशीर होईल तितका घराजवळ हल्ला करेल, असा त्यांचा तर्क. उत्तर ब्रॅडफर्डमधल्या मॅनिंगहॅम-शिप्ली भागाचं आलं. खुनी पीटर सटक्लिफ या दोहोंच्या मधल्या हीटनमध्ये राहत होता. पण २ जानेवारी १९८१ ला शेफिल्डमध्ये तो सापडला, तो गस्तीवरच्या पोलिसांना गाडीची नंबरप्लेट खोटी आढळली म्हणून. तोपर्यंत पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी करून त्याला सोडलं होतं. खुनी असल्याची बतावणी करून कुणीतरी १९७९ मध्ये पोलिसांना पाठवलेल्या खोडसाळ ध्वनिफितीतल्या आवाजाचा हेल ईशान्य इंग्लंडमधल्या वेअरसाइडचा होता, आणि तसं न बोलणारे संशयातून वगळले जात होते. नकाशा बरोबर होता, पण तो फार उशिरा काढला गेला.

लंडनच्या मालिका बलात्कार आणि खुनांच्या प्रकरणातल्या जॉन डफीचं नाव, कँटर यांनी १९८६ मध्ये गुन्हेगार कसा असेल आणि कुठे राहत असेल याचं प्रोफाइल मांडण्याआधीच संशयितांच्या लांबलचक यादीत होतं. प्रोफाइलने ते वर आणलं, मग पाळत ठेवली गेली.

"कुठल्याही मालिकेला लागू"

गुन्हेगाराला स्थिर मुक्काम हवा. ऑक्टोबर २००२ मध्ये वॉशिंग्टन परिसरात गोळीबार करणारे दोघे एका गाडीतून फिरत होते आणि तिच्यातच झोपत होते. त्यांना मुक्कामच नव्हता, तिथे ही पद्धत काय शोधणार? ते सापडले ठसा आणि गाडीचा क्रमांक यांवरून.

मालिका सुरू असताना माणूस घर बदलतो, हा त्याहून नेहमीचा घोटाळा. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातल्या लाफाएटमध्ये अनेक वर्षं चाललेल्या बलात्कारांच्या तपासात खबरीतून एका शेरीफ कार्यालयातल्या डेप्युटीचं, म्हणजे पोलीस अधिकाऱ्याचंच, नाव आलं. त्याचं सध्याचं घर प्रोफाइलच्या उंच भागात बसेना. हल्ले झाले त्या काळातला पत्ता काढला, तो नेमका तिथे बसला, आणि टाकून दिलेल्या सिगारेटच्या थोटकावरचा डीएनए जुळला. म्हणून यादी लावताना प्रत्येक नावापुढे आजचा पत्ता पुरत नाही. मालिकेच्या पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंतचे सगळे पत्ते, नोकरीची ठिकाणं, आई-वडिलांचं किंवा जोडीदाराचं घर, हे कधीपासून कधीपर्यंत त्या तारखांसह लिहायचं आणि प्रत्येक गुन्हा त्या-त्या वेळच्या ठिकाणाशी ताडून बघायचा.