मान, सुया आणि तीन सुना

मान धरली की माणसाला फक्त 'हो' म्हणता येतं, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. वरखाली थोडीफार हलत होती. डावी-उजवीकडे वळवायला गेलो, की खांद्यापासून कानामागपर्यंत कुणीतरी ओली दोरी पिळतंय अशी कळ यायची. परिणामी कित्येक आठवडे मी घरात कशालाच नकार देऊ शकलो नाही. बायकोच्या मते आमच्या संसारातला तो सुवर्णकाळ होता.

मलम झालं, शेक झाला, गोळ्या झाल्या. गळ्यात पट्टा घातल्यावर मी एकदम मानी वगैरे दिसायला लागलो, पण रस्ता ओलांडताना अख्खा देह वळवावा लागे. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "वयोमानानुसार आहे." म्हणजे आता वयोमानातला मानही दुखायला लागला होता.

अशा अवस्थेत ताई घरी आली. "तू ॲक्युपंक्चर का करून बघत नाहीस रे?" मला जोरात 'छे छे' म्हणायचं होतं. पण मान आडवी हलेना, आणि कळ आली म्हणून जी हलली ती उभी हलली. ताईने त्याच क्षणी फोन लावून वेळ घेतली.

सुईशी माझे संबंध पहिल्यापासून ताणलेले. रक्त तपासायचं असलं की मी छताकडे बघतो आणि घाम मात्र जमिनीवर पडतो. त्यामुळे रात्रभर जागून वाचन केलं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांतही या उपचाराचं वर्णन आहे. सुई टोचण्यासाठी शरीरावर प्रमाण मानलेले बिंदू 361. म्हणजे रोज एक टोचून घेतला, तरी वर्षाला चार सुट्ट्या मिळतात. एवढा दिलासा घेऊन झोपलो.

झोपण्याआधी एक मजेदार किस्साही सापडला. 1971 च्या जुलैत 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. शस्त्रक्रियेसाठी भूल दिली ती आपल्या नेहमीच्या इंजेक्शनची. सुया आल्या नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटत होतं तेव्हा: एक उजव्या कोपरापाशी आणि दोन गुडघ्यांखाली. आराम पडला आणि त्यांनी तसं छापून आणलं. पुढच्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि अमेरिकेत सुयांचा गाजावाजा झाला. मात्र लोकांच्या तोंडी गोष्ट अशी झाली, की रेस्टनचं पोटच सुयांच्या भुलीवर कापलं. बिचाऱ्याने पोटफुगीबद्दल लिहिलं होतं, लोकांनी गोष्टच फुगवली.

दुसऱ्या दिवशी ॲक्युपंक्चरच्या डॉक्टरबाईंनी सुया काढण्याआधी प्रश्न काढले. झोप कशी लागते, घाम येतो का, पोट साफ होतं का, राग येतो का. (याचं उत्तर बायकोने दिलं.) जीभ बाहेर काढायला लावली आणि ती इतका वेळ निरखली, की मला तिच्यावर काही लिहिलंय की काय असं वाटलं. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली. मग महत्त्वाचं विचारलं: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, पेसमेकर आहे का, हाताला बधिरपणा किंवा पकड सैल झालीय का, आणि काही खाऊन आलात ना? उपाशीपोटी सुया घेतल्या तर काहींना भोवळ येते. काही बिंदू गरोदरपणात टाळतात म्हणे. तो प्रश्न त्यांनी मला विचारला नाही, पण माझ्या पोटाकडे बघून क्षणभर थांबल्या खऱ्या.

मग त्या मदतनीस मुलीला म्हणाल्या, "गुडघ्याखाली तीन सून."

मी पालथा होतो, नाहीतर उठूनच बसलो असतो. गुडघ्याखाली? तिघी? खुलासा झाला तो असा, की 'त्सुन' हे चिनी माप आहे. रोग्याच्याच अंगठ्याची रुंदी म्हणजे एक त्सुन. पट्टी-टेप काही नाही, ज्याचं माप त्याच्याच अंगठ्याने. लहान मुलाचे तीन त्सुन वेगळे, पैलवानाचे वेगळे. मला हे फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्याच मापाने मोजत होते.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी रात्रभर जागलो. सुई दुखते का? सीलबंद पाकिटातून एक प्लॅस्टिकची नळी निघाली, तिच्यात सुई. सुई एकदाच वापरायची आणि टाकून द्यायची. जाडी पाव मिलिमीटर. इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नाही, भरीव, कारण हिच्यातून काही आत घालायचंच नसतं. नळी कातडीवर टेकवली, वरून बोटाने टक् केलं, आणि मी दात आवळून ज्या वेदनेची वाट बघत होतो ती आलीच नाही. "टोचा ना," मी म्हणालो. "चार झाल्या," त्या म्हणाल्या.

पाचवी मात्र बोलली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात ती गेली, डॉक्टरांनी किंचित फिरवली, आणि हातभर एक जडशीळ, सुस्त कळ पसरली. दुखणं म्हणावं तर तसं नाही. हातावर कुणी झोपून गेल्यावर येतो तसा जडपणा, कडेकडेने मुंग्या. याला चिनी भाषेत 'दछी' म्हणतात आणि ती आली की सुई बरोबर बसली असं मानतात. "पण डॉक्टर, दुखतेय मान आणि सुई हातात?" "दिवा हॉलमध्ये असतो, बटण जिन्यात नसतं का?" यावर काय बोलणार. मी मान हलवली. उभीच.

एकूण अकरा सुया झाल्या. "पंचवीस मिनिटं हलू नका," असं म्हणून त्या पडद्याआड गेल्या आणि खरा उपचार सुरू झाला.

पहिल्या दीड मिनिटात नाकाला खाज सुटली. साधी नाही, डाव्या नाकपुडीच्या काठावर, बरोबर एका केसाच्या टोकाशी. दोन्ही हातांच्या बेचक्यात सुया. हात उचलला तर सुई वाकेल, नाही उचलला तर मी वाकेन. मी वरचा ओठ ताणून बघितला. नाक हवेत वर्तुळाकार फिरवून बघितलं. उशीच्या भोकात तोंड खुपसलं होतं, तिच्या कडेला नाक घासायला सरकलो तर मानेतल्या सुईने आठवण करून दिली. तेवढ्यात खुंटीवर टांगलेल्या पँटच्या खिशात फोन वाजू लागला. तो थांबला, पुन्हा वाजला. बाजूला बोलावण्याची घंटा ठेवली होती, पण "जरा नाक खाजवता का?" हे वाक्य परक्या बाईंना म्हणायला जे धैर्य लागतं, ते माझ्या घराण्यात नाही. मग खाज आपोआप गेली. नंतर मी एका कर्कश घरघरीने दचकून जागा झालो. ती माझीच होती.

सुया काढताना कळलंही नाही. एका ठिकाणी रक्ताचा ठिपका आला, कापूस दाबला. मोजणीत दहाच भरल्या. थोडी पळापळ झाली, आणि अकरावी सापडली माझ्या टाळूवर, जिथे लपायला गेली काही वर्षं काहीही शिल्लक नाही.

घरी येऊन मान बघितली. जशीच्या तशी. उलट त्या संध्याकाळी जरा जास्तच ठणकली. असं होतं, म्हणून त्यांनी आधीच सांगितलं होतं. आठवड्याला एक अशा सहा खेपा ठरल्या होत्या. त्या काळात मी पुन्हा वाचत बसलो, आणि इथे मामला अवघड झाला. जर्मनीत कंबरदुखीच्या 1,162 रोग्यांवर केलेला अभ्यास 2007 मध्ये आला. खऱ्या बिंदूंवर रीतसर सुया घेतलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना फरक पडला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 27.4 टक्क्यांना. वा! पण तिसरा एक गट होता, त्यांना भलत्याच ठिकाणी, वरवर सुया टोचल्या होत्या. त्यांच्यात 44.2 टक्के! म्हणजे त्सुन मोजून आणलेल्या खऱ्या सुनेइतकीच खोटी सूनही नांदली.

ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला कोणते उपचार द्यावेत हे सांगणारी 'नाइस' नावाची संस्था आहे. तिने 2016 मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर नको म्हटलं, आणि 2021 मध्ये ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी विचार करायला हरकत नाही म्हटलं. आधी मान आडवी, मग उभी. मला त्या संस्थेबद्दल आपुलकी वाटली. केमोथेरपीनंतरची मळमळ, अर्धशिशी, जुनाट डोकेदुखी किंवा गुडघेदुखी, इथे सुयांच्या बाजूने बोलायला बऱ्यापैकी पुरावा आहे. पण सुया टोचून मधुमेह घालवतो, चालू गोळ्या बंद करा, असं कुणी म्हणालं, तर अंगातल्या सुयांसकट पळावं. शिवाय छाती-पाठीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. फार क्वचित, पण आहेत. म्हणून हात शिकलेलाच हवा.

चौथ्या खेपेनंतर बायकोने मागून हाक मारली आणि मी वळून बघितलं. फक्त मानेने. आम्ही दोघंही क्षणभर घाबरलो. श्रेय कुणाला द्यायचं यावर घरात अजून एकमत नाही. सुयांना? की अवघडलेली मान बहुधा काही आठवड्यांत आपली आपणच सुटते, त्या काळाला? बायकोचं मत, आठवड्यातून पंचवीस मिनिटं तू फोनमध्ये मान घालून बसला नाहीस, त्याचा हा गुण. तिचं म्हणणं खोडायला मी मान हलवली. दोन्ही बाजूंना हलली. सुवर्णकाळ संपल्याचं तिच्या लक्षात आलं.

रविवारी ताई आली. "आता पाठीसाठी कपिंग करून घे. काचेचे पेले लावून कातडी वर ओढतात. तो पोहणारा फेल्प्स नाही का, रिओ ऑलिंपिकमध्ये खांद्यांवर गोल गोल जांभळे डाग घेऊन फिरत होता?"

मी काही बोललो नाही. नुसती मान हलवली. डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, पुन्हा डावीकडे. इतक्या आठवड्यांची थकबाकी वसूल केली.

ताईचे डोळे भरून आले. "किती छान हलतेय रे!" म्हणाली, आणि फोन काढला. "थांब, शनिवारचीच वेळ घेते."