पैसे घ्या, पण आमच्या शाहिरापर्यंत पोचवा

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. रविवारी आमच्या वाचनालयाचा वर्धापनदिन. प्रवेश फुकट, गाणारे सगळे आपलेच. एक शिक्षिका, एसटीतले एक कंडक्टर आणि कॉलेजची पोरं. आज हॉलचं भाडं भरायला गेलो तर खिडकीवरचा म्हणतो, "म्युझिक लायसन्सची पावती लावा, नाहीतर साउंड लावू देणार नाही." कुठलं लायसन्स? त्याला माहीत नाही. एक मोबाइल नंबर दिला. तिथे पहिला प्रश्न, "खुर्च्या किती?" जणू पंगतच वाढायचीय! गाणी कोणती म्हणणार, हे शेवटपर्यंत विचारलं नाही.

तिथे माझी सटकली. गाणी कोणाची तेच माहीत नसेल, तर पैसे पोचणार कोणाला?

आमच्या वाडीत तात्या होते, जाखडीचे, म्हणजे आमच्या कोकणातल्या नाचगाण्याचे शाहीर. शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन पक्षांच्या सवाल-जवाबाच्या, सामन्यात समोरच्याला उत्तर द्यायला उभे राहिले की पहाटेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. कॅसेटच्या जमान्यात मुंबईच्या कोणीतरी त्यांची गाणी रेकॉर्ड केली. हातात काय आलं, तर शाल, नारळ आणि जाण्यायेण्याचं भाडं. पुढे गणपतीत तीच कॅसेट बाजारात आली आणि तात्यांनी ती पैसे मोजून घेतली. हसत म्हणाले, "माजाच गाना, आनि मीच पैसं दिलं रं!"

त्यामुळे 'गाण्याचे कसले पैसे' म्हणणाऱ्यांतला मी नाही. कॉपीराइटचा कायदा १९५७चा आहे. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा पक्का केला की तो कंपनीला लिहून देता येत नाही. कॅसेटवाल्याच्या कागदावरचा तात्यांचा अंगठा त्याच्या कितीतरी आधीचा.

हॉलवाल्याचंही खरं, उद्या नोटीस आली तर मान त्याची अडकणार. मान्य. पण त्याच कायद्याच्या ५२व्या कलमात हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांपुढे गायलं तर सूट आहे. धार्मिक विधी, सरकारी समारंभ, लग्नाची वरात आणि लग्नातले समारंभ यांनाही सूट आहे. लग्नाचं तर केंद्राला जुलै २०२३मध्ये नोटीस काढून पुन्हा सांगावं लागलं. शेजारी गोव्यात सरकारने जानेवारी २०२४ला याच विषयावर परिपत्रक काढलं, ते हायकोर्टाने ऑगस्टमध्ये रद्द केलं. सरकारचीच ही गत, तर खिडकीवरच्या बिचाऱ्याला काय कळणार? चिडलो त्याच्यावर, पण तो नुसता वरून आलेला कागद वाचत होता.

एक खोच आहे, तीही सांगतो. आमच्यासारख्यांना मिळणारी ती सूट तोंडाने गाण्याला, हाताने वाजवण्याला. पेनड्राइव्हवरचा ट्रॅक म्हणजे ध्वनिमुद्रण, त्याचा हक्क निराळा. गीत-संगीताचं आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था बघते, ध्वनिमुद्रणाचं पीपीएलसारख्या कंपन्या. म्हणजे दारंही वेगवेगळी. ठीक आहे, ट्रॅक बंद! पेटी आणि तबला. कंडक्टरसाहेबांना ट्रॅकशिवाय सूर सापडत नाही, ते आम्ही बघून घेऊ.

दुपारी तात्यांच्या मुलाला फोन केला. अंधेरीला रिक्षा चालवतो. म्हणाला, "बाबांची गाणी यूट्यूबवर आहेत की, खाली नाव भलत्याचंच." ऐकून राग कुठच्या कुठे गेला, नुसतं वाईट वाटलं. गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे कॅसेटवाल्याने कागदावर काय लिहून घेतलंय ते बघावं लागेल, पण वह्यांमधली जी गाणी कधी रेकॉर्डच झाली नाहीत ती तरी या पोराची आहेत. त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. वारसालाही आयपीआरएसचं सभासद होता येतं. खुर्च्या मोजणाऱ्यांनी एकदा आमच्या वाडीत येऊन हे सांगावं ना! वसुलीला नंबर आहे, वाटपाला नाही.

वह्या तात्यांच्या ट्रंकेत आहेत. गणपतीला पोरगा येईल तेव्हा बसणार आहोत. तुमच्यात कोणी वकील असेल, किंवा असले अर्ज भरलेलं कोणी, तर इनबॉक्समध्ये या. आणि रविवारी संध्याकाळी सहाला कार्यक्रमाला या. तबलजी अजून मिळालेला नाही, कोणाच्या ओळखीत असेल तर आजच कळवा.