रुंदीकरणाला हरकत घेताय? मग एफएसआयचा तक्ताही शेजारी ठेवा

सागरी महामार्ग रुंद होणार म्हटलं की कोकणातल्या प्रत्येक वाडीत पहिला प्रश्न एकच: आपलं किती जाणार? माड किती, पडवी किती, मोबदला किती. प्रश्न रास्त आहे, पण अर्धा. रस्ता प्रत्यक्ष जेवढी जमीन घेतो, त्याहून मोठी उलथापालथ नकाशावरची रुंदी बदलल्याने होते. त्यावर हरकत घेणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

२०२० च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, निवासी विभागाला मूळ एफएसआय १.१ आहे, म्हणजे जागेच्या १.१ पट बांधकाम. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर जवळपास तिथेच थांबावं लागतं. पुढे ९, १२, १५, २४ आणि ३० मीटर असे टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्याला प्रीमियम (जादा शुल्क) भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेचा हस्तांतरित बांधकाम हक्क) आणून मिळणारं बांधकाम वाढत जातं. शिवाय अ‍ॅन्सिलरी (पूरक) एफएसआय वेगळा: निवासीला ६० टक्के, व्यापारीला ८० टक्के. म्हणून बिल्डर जागा बघायला आला की आधी रस्त्याची रुंदी विचारतो, समुद्र किती लांब ते नंतर.

दहा गुंठ्यांचा हिशेब करून बघा. प्रीमियम, टीडीआर काही न घेता मूळ १.१ आणि त्यावर ६० टक्के धरले, तरी साधारण १,७८० चौरस मीटर बांधकाम होतं. ६० चौरस मीटरचा एक फ्लॅट धरला तर २९ फ्लॅट, घरटी पाच माणसं म्हणजे १४५ माणसं. माणशी १३५ लिटरने रोज साडेएकोणीस हजार लिटर पाणी. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं. जिथे एक घर, एक विहीर आणि थोडी बाग होती त्या तुकड्यावर हे सगळं.

नळयोजना पुरली नाही की बोअर मारली जाते, आणि किनाऱ्यावर खरी गोम तिथे आहे. गोडं पाणी वजनाने हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ नियम असा की समुद्रसपाटीच्या वरची गोड्या पाण्याची पातळी १ मीटर खाली आली, तर खालची खाऱ्याची सीमा सुमारे ४० मीटर वर सरकते. पहिली झळ बोअरवाल्याला बसतेच असं नाही. किनाऱ्याकडच्या उथळ विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ लागायला लागतात, आणि एकदा शिरलेला खारेपणा एका पावसाळ्यात धुऊन निघेल याची खात्री नसते. त्यात जांभ्याच्या भेगांतून शोषखड्ड्याचं पाणी शेजारच्या विहिरीत उतरतं. हे हरकतीत लिहायचं तर "पाणीटंचाई होईल" असं मोघम लिहू नका. मे महिन्यात आजूबाजूच्या विहिरींच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि क्लोराइड तपासून घ्या, गट नंबरसह तक्ता करा आणि तो जोडा.

आता "वाहतूक वाढली" या मुद्द्याकडे. वाढली हे कबूल, पण किती? इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६४ प्रमाणे सपाट भागातल्या दोन पदरी रस्त्याची शिफारस केलेली क्षमता दिवसाला १५,००० पीसीयू (सगळी वाहनं मोटारीच्या मापात मोजून) आहे, चढउताराच्या भागात ११,०००. मोजणी सलग सात दिवस, चोवीस तास अपेक्षित असते. आपल्याकडे ती मे महिन्यात किंवा गणपतीच्या तोंडावर झाली, तर आकडा फुगणारच. माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून मोजणीच्या तारखा, ठिकाण आणि वाहनवार तक्ता मागा. सोबत साखळी क्रमांकासह (रस्त्यावरच्या अंतराच्या खुणांसह) आखणीचा नकाशा, मोऱ्यांची (रस्त्याखालून पाणी जायच्या वाटांची) यादी आणि जलशास्त्रीय अहवालही मागा.

मोऱ्यांची यादी हे मी अजिबात सोडणार नाही. खाजणातून जाणारा भराव म्हणजे आडवा बांध. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की पऱ्ह्याचं पाणी खाडीत उतरू शकत नाही. ते भरावाला तटून मागे वाडीत पसरतं. लहान व्यासाचा नळ टाकला की गाळ, झावळ्या आणि प्लॅस्टिकने तो दोन पावसाळ्यांत तुंबतो. निदान १ मीटर व्यासाची किंवा चौकोनी मोरी मागा, आणि तिचा तळ भरतीच्या पातळीशी कसा जुळवला आहे ते लेखी विचारा. जुनी मोरी कुठे होती हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं, सल्लागाराच्या नकाशात ती बऱ्याचदा नसतेच.

हरकतीची मुदत कायद्यावर ठरते, म्हणून नोटीस हातात पडली की आधी कायद्याचं नाव वाचा. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात कलम ३-क च्या हरकतीला राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून २१ दिवस मिळतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ६० दिवस. महाराष्ट्र महामार्ग कायद्याखाली नोटीस असेल तर रीत वेगळी, नोटिशीतलीच मुदत पाळा. एमआरटीपीच्या (राज्याच्या नगररचना कायद्याच्या) कलम ३७ खाली विकास आराखड्यात फेरबदल असेल तर एक महिना. भूसंपादनाची हरकत आणि आराखड्याची हरकत हे दोन वेगळे अर्ज आहेत. एक देऊन दुसरा राहिला की रुंदी मान्य झाली असंच धरलं जातं. मुंबईकर भावकीला वेळेत कळवा, सामाईक सातबाऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. एकच छापील मजकूर आणि खाली शेकडो सह्या असतील, तर सुनावणीत त्याला एका ओळीत उत्तर मिळतं.

नुसतं "नको" म्हणणंही मला पटत नाही. आंधळी वळणं आहेत, एसटीला बाजू द्यायला जागा नाही, रुग्णवाहिका अडकते. ७ मीटर डांबरी रुंदी, दोन्ही बाजूंना पक्क्या साइडपट्ट्या, वळणं सरळ आणि थांब्यांना खाचा, एवढं मागा आणि तसा काटछेद (रस्त्याचा आडवा छेद) काढून जोडा. सड्यावरून बायपास सुचवत असाल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना तोच एफएसआय उभा राहणार नाही याची अटही सोबत मागा.

सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, मुद्दा नेमका मांडा. २०१९ च्या अधिसूचनेनुसार सीआरझेड-२ मध्ये (किनाऱ्यालगतचा आधीच बांधकाम झालेला शहरी पट्टा) जुन्या रस्त्याच्या समुद्राकडे नवा रस्ता काढला, तर त्या नव्या रस्त्याच्या आधाराने जमिनीकडच्या बाजूला इमारतीची परवानगी देता येत नाही. तिथला एफएसआयही अधिसूचनेच्या तारखेला होता तोच धरायचा. कांदळवन १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर भोवती ५० मीटर बफर. सार्वजनिक कामासाठी तोड असली तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाप्रमाणे न्यायालयाची परवानगी लागते. सीआरझेड मंजुरी निघाली की राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठात अपिलाला ३० दिवस असतात. त्यापुढे सबळ कारण दाखवलं तर आणखी जास्तीत जास्त ६० दिवस. तेव्हा किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची इतिवृत्तं गावातल्या कुणीतरी दर महिन्याला उघडून बघायलाच हवीत.